बोधचिन्हातली माणसं

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेची नवी इमारत बांधून झाली, तेव्हा अध्यक्ष दिनकररावांनी हायस्कुलातल्या चित्रकलेच्या मास्तराला, सितारामला, बोलावून घेतलं. साल शहाऐंशी. कमानीवर गावाचं बोधचिन्ह हवं होतं.

"देवळाचा कळस आन् दोन्ही अंगाला ऊस," दिनकरराव म्हणाले. "पण गुरुजी, तुमच्या डोक्यात दुसरं काही असलं तर तेच काढून आणा."

सितारामला आठवडाभर काही सुचेना. मग वाचनालयात जुनी मासिकं चाळताना एक रंगीत पान हाती लागलं. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ मुलखातल्या लहान लहान गावांची ढालीच्या आकाराची बोधचिन्हं होती ती. एकावर पांढरं अस्वल, एकावर रेनडिअर, एकावर नुसते तीन मासे. ज्याच्या जिवावर गाव तगलं, तेच त्या लोकांनी ढालीवर मिरवलं होतं. सिताराम त्या माशांकडं बराच वेळ बघत बसला. आपण कशाच्या जिवावर तगलो?

ते त्याला शोधावं लागलं नाही. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याची बौद्ध वस्ती भरदुपारी पेटवली गेली. पुढं जमाव, मागं पूर आलेली गोदावरी. त्या पुरात मुंजाजी भोयानं नाव घातली आणि चार खेपांत वस्ती पलीकडं नेली. सिताराम आणि त्याची आई सरजाबाई शेवटच्या खेपेत होते.

त्यानं नाव काढली. नावेत दाटीनं बसलेली माणसं काढली.

नगरपालिकेच्या बैठकीत कागद हातोहात फिरला. कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"नाव झ्याक हाय," एक सदस्य म्हणाला, "पर माणसं कशाला? रिकामी ठिवा. उगं जुनं कशाला उकरायलाव?"

सिताराम म्हणाला, "रिकामी पाहिजे असंल तर दुसऱ्याकडून काढून घ्या, साहेब. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

दिनकररावांनी शिपाई पाठवून घाटावरून मुंजाजीला बोलावलं. म्हातारा दारातच उभा राहिला.

"मुंजाजी, त्या रोजी जमाव मागं असताना तू यांना नावेत का घेतलंस?"

मुंजाजीला प्रश्नच कळेना. "माणूस काठावर आलं की न्यायचं, मालक. नावेचं दुसरं काय करत्यात?"

त्या दुपारी ज्यांनी ज्यांनी आपली दारं आतून लावून घेतली होती, त्यांत दिनकररावही होते. सितारामनं ते बंद दार स्वतः ठोठावलं होतं. आज आठ वर्षांनी त्यानं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. दिनकरराव टेबलावरच्या कागदाकडं बघत होते.

"माणसं राहू द्या," ते शेवटी म्हणाले. दोन सदस्य उठून गेले. बाकीच्यांनी हात वर केले.

चित्र कमानीवर रंगवून झालं, तेव्हा सिताराम आईला बघायला घेऊन आला. सरजाबाई उन्हामुळं डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ वर बघत राहिली. आई रडेल, असं त्याला वाटत होतं.

"माणसं बराबर हायेत," ती म्हणाली. "पर पाणी असं निळं नव्हतं रं बाबा. लाल गढूळ होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिताराम रंगाचा डबा घेऊन पुन्हा शिडीवर चढला.