कौल साहेबांच्या अंगणातलं कौल

मी एक जुनं कौल आहे. हसू नका, मित्रांनो! कौलाला तोंड नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण इतकी वर्षं उन्हात तापल्यावर बोलायला काहीतरी साचतंच.

आधी मी नुसता चिखल होतो. मळला गेलो, साच्यात दाबला गेलो, भट्टीत भाजला गेलो, तेव्हा कुठे अंगाला रंग आला. कारखान्याने पाठीवर माशाचा छाप उठवला आणि कडांना खाचा दिल्या. या खाचांचा मला भारी अभिमान! शेजारच्या कौलाची कड त्यात चपखल बसते, म्हणून घरात पाणी येत नाही. दुसऱ्या कारखान्याचं कौल मात्र तिथे बसायचंच नाही, रुसल्यासारखं वर उचललेलं राहतं.

भोपाळच्या नेहरू नगरात कौल साहेबांच्या शेडवर मी खूप वर्षं राबलो. कौल हे त्यांचं काश्मिरी आडनाव. माझं नाव तेच, हा निव्वळ योगायोग. मग शेडवर पत्रे आले. माझी भावंडं मलब्याच्या ट्रॉलीत गेली आणि मी अंगणात चिमण्यांच्या पाण्याच्या भांड्याखाली उरलो. एवढं पाणी अडवलं, पण कोणी शाबास म्हटलं नाही. एका शनिवारी गवंडी येऊन म्हणाला, "कल फर्श डालेंगे. इसे भी तोड़के भराई में डाल देंगे." माझी तर पाचावर धारण बसली.

तिकडे भोपाळच्याच अवधपुरी भागात दिलीप वानखेडे यांनी निवृत्तीनंतर गच्चीवर स्वतःच्या हाताने एक कौलारू खोली उभारली होती. पत्नी प्रतिभाताईंना तिथे बसून गायचं होतं. त्यांची पेटी कित्येक वर्षं पलंगाखाली पडून होती. पाडलेल्या एका बंगल्याची कौलं दिलीपरावांनी मोजून आणली आणि शेवटचंच कौल हातातून निसटून फुटलं! भोक पडलं ते नेमकं पेटीच्या जागेवर.

पंधरा दिवस दिलीपरावांनी शहर पालथं घातलं. "पूरा ट्रक लो साब, एक पीस कौन देगा?" असं सगळे म्हणायचे. नवी कौलं बसेनात. घरपोच मागवलेलं एक आलं, तेही तीन तुकडे होऊन.

"अहो, ताडपत्री टाका नि मोकळे व्हा," प्रतिभाताई म्हणाल्या. पण पेटी काही वर आणेनात. "ओल लागली तर सूर गेलेच म्हणून समजा. एवढी वर्षं गाणं राहिलं, आणखी राहील," म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. दिलीपरावांना जेवण गोड लागेना.

त्याच शनिवारी त्यांनी नेहरू नगरच्या जितेंद्र नावाच्या हार्डवेअरवाल्याला फोन केला. इथे माझ्यासारख्याला कवेलू म्हणतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण घाईत तोंडून मराठी शब्दच निसटला, "भैया, एक पुराना कौल चाहिए."

"पुराने कौल साब? अरे, वो तो हमारी गली में ही रहते हैं!"

दिलीपराव आमच्या दारात हजर. फुटक्या कौलाचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"जी, मैं ही कौल हूँ," साहेब म्हणाले.

"नहीं, माफ़ कीजिए, मुझे तो ये वाला कौल चाहिए," म्हणत दिलीपरावांनी तुकडा पुढे केला.

साहेबांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दिलीपरावांनी भांडं उचललं, मला उलटं केलं. पाठीवर तुकड्यावर होता तोच मासा! खाचा जुळवून पाहिल्या. तंतोतंत! "सापडलं," एवढंच ते म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले. मला तर काय, सुटलो बाबा, असं झालं!

दुसऱ्या दिवशी मी भोकावर बसलो. त्याच कारखान्याच्या भावंडांच्या खाचांत माझ्या कडा अडकल्या आणि कितीतरी वर्षांनी मला घरी आल्यासारखं वाटलं. दिलीपरावांनी शिडीवरून बादलीभर पाणी ओतलं. "गळतंय का गं?"

मी घाबरलो. तेवढ्यात खालून पेटीचा सूर आला. प्रतिभाताई माझ्याच खाली पेटी घेऊन बसल्या होत्या.

मित्रांनो, एकट्या कौलाचं छप्पर होत नाही, पण एक कौल नसलं तर छप्पर असूनही उपयोग नसतो. म्हणून जुनं काही फोडण्याआधी जरा विचारा, कोणी तेच शोधत तर नाही ना?

आता दर रविवारी साहेब गाणं ऐकायला येतात. प्रतिभाताई पाहुण्यांना सांगतात, "या कौलांमुळे मी गाते." तेव्हा खाली साहेब आणि वर मी, दोघंही ताठ बसतो.