मोठे शिंपले

माझी बायको ऑलिम्पिया गेली त्या आठवड्यात तिची थोरली बहीण असुन्ता एक ट्रे घेऊन आली. पास्त्याचे मोठे शिंपले, आत रिकोटा चीज, वर टोमॅटोची ग्रेव्ही. आमच्या मोहल्ल्यात मयताच्या घरी हेच नेतात. तिनं दारातूनच ट्रे माझ्या हातात दिला आणि ती गेली. त्यानंतर आली नाही. ऑलिम्पिया होती तोवर दर रविवारी ती आमच्याकडे जेवायची.

भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून ते भरून न्यायचं मी ठरवलं. खरं तर भांड्याचं निमित्त होतं. रविवारी मला एकट्याला घास उतरत नव्हता, आणि तिलाही उतरत नसावा.

दुकानात शिंपल्यांचा खोका मिळाला. वरचं चित्र तशाच शिंपल्यांचं होतं, घेतला. घरी पाहतो तर शिंपले अंगठ्याच्या पेराएवढे. म्हटलं, पाण्यात फुगतील. फुगले, पण असुन्ताच्या शिंपल्यांएवढे नाही. मग चहाच्या चमच्याच्या टोकानं एकेकात चीज भरत बसलो. निम्मे फाटले. दुपार गेली.

असुन्तानं दार उघडलं, ट्रेवरचा कागद उचलला आणि बघतच राहिली.

"नुन्झिओ, हे काय आहे?"

"भरलेले शिंपले."

"हे सूपमध्ये टाकतात रे, गाढवा! हे भरलेस तू? एकेक?"

"एकेक."

"आणि इतकी वर्षं माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात काय करत होतास?"

"खात होतो."

ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली आणि ॲप्रन तोंडाला लावून रडली. मी उभाच होतो.

"मला तुझ्या घरी येववत नाही," ती म्हणाली. "तिची खुर्ची दिसते."

"मलाही दिसते. मी तर तिथंच राहतो."

तिनं डोळे पुसले. चमच्यानं ट्रेतलं थोडं खाल्लं. "मीठ कमी आहे," म्हणाली, आणि आणखी घेतलं. मग उठून कोट चढवला.

"चल. दुकान अजून उघडं असेल."

दुकानात ती मला थेट लझान्याच्या कप्प्यापाशी घेऊन गेली. "सगळ्यात खाली बघ. मोठे तिथं ठेवतात, कारण रोज कुणी घेत नाही." मी गुडघे टेकून वाकलो. होते. एक खोका काढला.

"दोन काढ. उकळताना चार-पाच फाटतातच. आणि पुरते शिजवायचे नाहीत, बाकीचं शिजणं ओव्हनमध्ये होतं."

"हे सगळं माझ्या लक्षात राहायचं नाही, असुन्ता."

"तुला कोण लक्षात ठेवायला सांगतंय?" ती गल्ल्याकडे चालू लागली. "रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की येते मी. रिकोटा तेवढा आणून ठेव. आणि ती खुर्ची हलवू नकोस हं."