मालकालाच हाकललं

वर्ग तुम्हीच घेतलात, साहेब, आणि अर्धाच शिकवलात. चुकून नव्हे, जाणूनबुजून. पंपांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनची टेबलं बाजूला सारून तुम्ही कामगारांना बसवलंत, पडद्यावर चित्रं दाखवलीत. शेअर म्हणजे कंपनीचा तुकडा. तुकडा ज्याच्याकडे, तो मालक. घेणारे वाढले की भाव चढतो, विकणारे वाढले की पडतो. झालं शिकून!

फिटरला ते पटलं. उभा जन्म त्याने हे पंप जोडण्यात घालवला होता. जो माल आपल्या हाताखालून जातो, त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कशावर? गळक्या छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्याने आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले.

"या मालक, हात धुवा, वाढते," बायको टोमणा मारायची. तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

त्याचा हिशेब सरळ होता. जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी उभं राहायचं आणि बाहेर जाणाऱ्या पेट्या बघायच्या. पेट्या जास्त, तर भाव वर. पण ज्या महिन्यात गेटवर ट्रकांची रांग लागली, त्याच महिन्यात भाव आपटला.

"अरे बाबा, बाजाराला याहून जास्त पेट्यांची आशा होती," शेजारच्या मशीनवरचा हडकुळा, ज्याला सगळे काडी म्हणायचे, तो म्हणाला. तो पेपर वाचणारा. "भाव आजच्या मालाचा नसतो, उद्याच्या आशेचा असतो."

"मग आपण मरमर मरतो ते कशाला?"

"पोटाला. बाजाराला त्याचं काय सोयरसुतक!"

पुढे एका सकाळी फळ्यावर नोटीस लागली. जोडणी विभाग बंद, काम बाहेर कंत्राटाने. फिटर गेला, काडी गेला, अख्खी रांग गेली. दुपारी काडीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. भाव सुसाट वर निघाला होता.

"पगाराचा खर्च वाचला, नफा वाढणार, म्हणून घेणाऱ्यांची झुंबड उडालीय. अभिनंदन, मालक! आपल्याला हाकललं आणि आपण श्रीमंत झालो." काडी खो खो हसला, मग तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, विकून टाका. चार महिने तरी ढकलता येतील."

"विकले तर कंपनीच्या वार्षिक सभेत पाऊल ठेवू देणार नाहीत. तिथे शेअरवाल्यांनाच बोलता येतं."

"बोलून नोकरी परत मिळणार आहे?"

"गप्प बसून तर नाहीच नाही."

तिने त्याचा बरा शर्ट काढून इस्त्री केली. "मग तिथे जाऊन त त प प करू नका."

त्याने केलं नाही. मंचावर तुम्ही होतात, साहेब, पाहिलंत ना? गुबगुबीत खुर्च्यांमधून तो उठला, माइक घेतला आणि म्हणाला, "आमचा विभाग पुन्हा सुरू करा. तोट्यात नव्हता तो."

तुम्ही हसून म्हणालात, "निर्णय भागधारकांच्या हिताचा आहे. पुढचा प्रश्न?"

माइक घ्यायला आलेल्या माणसाचा हात त्याने झटकला.

"भागधारक मीच आहे की! मालक म्हणून खुर्ची दिलीत, चहा दिलात. मग मला काढायचं ठरलं तेव्हा या मालकाला कुणी विचारलं? मी खाली बसणार नाही. माझ्या हिताचं म्हणून मला रस्त्यावर कुणी आणलं, त्याचं नाव सांगा."