भासऱ्यांना उठवायचं कसं

माणसाला उठवायची एक रीत असते, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. ती रीत आमच्या घरात चालायची नाही, हेही मला त्याच मिनिटाला कळलं होतं. पण मला विचारतो कोण?

केशोराव माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. दिवाळीच्या चार दिवस आधी त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली, तरी बोललेलं कळत होतं. गोंदियाहून घरी आणताना डॉक्टरांनी बजावलं, की आता गोळ्यांपेक्षा कसरत मोठी, दीड-दोन महिने रोज उभं केलंत तर चालतील, नाही तर पाय आखडेल आणि मग खाट सुटायची नाही. भासऱ्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली. मुलगी गुंजन दुर्गला दिलेली, ती आठ दिवस राहून रडून गेली. उरलो आम्ही दोघं. आमचे हे, भोजराज, सकाळी नऊला आमगावला जातात, तिथे खत-बियाण्यांचं दुकान आहे, ते रात्री आठला घरी. मधला सगळा वेळ माझा.

आणि आमच्यात धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याला शिवायचं नसतं. नुसतं शिवायचंच नाही असं नाही, समोरासमोर बोलायचंही नसतं. चोवीस वर्षं मी या घरात आहे. त्यांना पाणी हवं असलं की ते पंख्याकडे पाहून म्हणतात, 'पाणी भेटन का?' आणि मी दाराकडे पाहून सांगते, 'ठेवलं हाय म्हणा.' कोणाला म्हणा, ते मला आजवर कळलं नाही. ताट ठेवलं की मी बाहेर, ते जेवून उठले की मी आत. चांगलं चाललं होतं. धडधाकट माणसांचं असलं सगळं चालून जातं.

रुचिका नावाची फिजिओथेरपीवाली पोरगी आठवड्यातून दोनदा स्कूटीवर यायची. पंचविशीची असेल, बोलणं अर्धं हिंदी, पण हात पक्के. पहिल्या दिवशी तिनं आम्हाला दोघांना समोर उभं केलं आणि करून दाखवलं. भासऱ्यांना खाटेच्या कडेला सरकवलं. त्यांची पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घेतली. कमरेला गमछा पट्ट्यासारखा घट्ट बांधला. मग स्वतः समोर उभी राहिली, पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ सरळ. त्यांचा अधू गुडघा आपल्या गुडघ्यांनी अडवला आणि दोन्ही हात मागे नेऊन गमछा धरला.

"काका, पुढे वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं पाहिजे. डोकं माझ्या खांद्यावर टाका, शरम नको," ती म्हणाली. एक, दोन, तीन, आणि भासरे उभे. ती धापसुद्धा टाकत नव्हती.

मग आमच्याकडे वळून तिनं सांगितलं, की त्यांना उचलायचं नाही, त्यांना उठू द्यायचं. अधू हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. वजन धरून कमरेत वळायचं नाही. आणि ओझं जितकं अंगाशी तितकं हलकं, लांबून धराल तर तुमची कमर जाईल. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा वेळा उठबस.

अंगाशी. मी पदर आणखी पुढे ओढला. यांनी जोरात हो म्हणून मान हलवली. भासऱ्यांनी पंख्याकडे पाहिलं. तिघांनाही जमणार नाही हे ठाऊक होतं आणि तिघंही गप्प बसलो. पोरीला वाटलं, फार समजूतदार घर आहे.

दुपारसाठी गावातला विक्की, दोन पोरांचा बाप, मदतीला ठेवला. तो चार दिवस आला आणि पाचव्या दिवशी मळणीवर निघून गेला. त्याला तरी काय बोलणार, धान निघायच्या दिवसांत गावात रिकामा माणूस मिळत नाही. सकाळी हे उठवायचे, पण कसे? बगलेत हात घालून धानाचं पोतं उचलावं तसे. दहा वेळा कुठलं, एकदा उचलून खुर्चीत टाकायचे आणि गाडीला किक मारायचे. मी म्हटलं, तिनं सांगितलं तसं करा. तर म्हणे, दुकानात लोक थांबलेत. मग दुपारचं मी काय करू, असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "गमछा हाये ना. गमछ्यानं कर."

गमछा कमरेला बांधायचा होता. आम्ही त्याची दोरी केली. एक टोक भासऱ्यांच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या, मधे हातभर अंतर. ते खाटेवर मागे रेलून ओढायचे आणि मी मागे झुकून ओढायची. विहिरीतून बादली काढावी तसं मी माझ्या भासऱ्यांना काढत होते. पुढे वाकले की डोकं माझ्या जवळ येणार, म्हणून ते वाकायचेच नाहीत. आणि जो माणूस पुढे वाकत नाही, तो उठत नाही, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. चार बोटं वर यायचे आणि धपकन खाली. त्यातलं सगळं वजन माझ्या कमरेत उतरायचं. दाराकडे पाहून मी म्हणायची, 'पुढं वाका म्हणा.' दार ऐकायचं, ते नाही.

तीन आठवडे गेले. रुचिका येऊन पाय तपासायची आणि तिचं तोंड दर खेपेला लांब व्हायचं. एकदा सरळ म्हणाली, "काकू, तुम्ही करत नाही ना? खरं सांगा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. दिवसातून तीन वेळा कमरेचे तुकडे करून घेते आणि ही मला कामचुकार म्हणते. तिला फाटकाशी गाठून मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. परत आत गेली आणि यांना, त्या दिवशी घरीच होते, तिनं विचारलं, की पाय मोठा की रिवाज? हे म्हणाले, "मॅडम, आमच्यात तसं नाही चालत. पण तुम्ही सांगतलं, ते ही करून राह्यली ना." ती बाहेर आली. स्कूटी सुरू करताना मला एवढंच म्हणाली, की तुमची कमर गेली ना काकू, तर मी दोघांना एकदम उठवायला येणार नाही.

तिला शाप द्यायची सवय नव्हती, पण गुरुवारी दुपारी तसंच झालं.

भासऱ्यांना लघवीला जायचं होतं. पंख्याला सांगून झालं. मी गमछा दिला, टोक मनगटाला गुंडाळलं आणि ओढलं. ते हातभर वर आले, या खेपेला नेहमीपेक्षा जास्त. वाटलं, होतंय आज. खुर्ची कुठे आहे म्हणून मी ओढता ओढताच कमरेत वळले. कमरेत उसण भरली आणि डावा पाय माझा राहिलाच नाही. मी खाली बसले, मग आडवी झाले. भासरे धपकन परत खाटेवर बसले.

फोन स्वयंपाकघरात होता. शेजारची सगळी माणसं धानाच्या बांध्यांत, शेतावर. मी फरशीवर पडून तोंड दाबून धरलं, कारण ओरडलं तरी ऐकायला एकच माणूस होता आणि त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

ते आधी पंख्याकडे पाहत होते. मग त्यांनी मान खाली केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले.

"दुर्गेश्वरी. सरळ उठू नको. एका कुशीवर हो."

मी झाले. दुखणं असं होतं, की पंख्यानं सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

"आता गुडघ्यावर ये. हं. माह्या खांद्याले धर."

ते वाकले. डावा हात गुडघ्यावर रोवून, पाय मागे घेऊन, पार पुढे वाकले, इतके की त्यांचं नाक पायाच्या बोटांपुढे आलं. रुचिकानं सांगितलं होतं त्यातलं एकही अक्षर चुकलं नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला, खाटेची कड धरली आणि गुडघ्यांवर उभी राहिले. माझं वजन त्यांच्यावर पडलं तसं त्यांचं बूड खाटेवरून सुटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. दोन बोटं का होईना, आपणहून.

मला असा संताप आला, की चोवीस वर्षांची सगळी दारं विसरले.

"तुमाले वाकता येते," मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. "मंग तीन हप्ते काऊन नाही वाकले?"

त्यांनी नजर फरशीवर नेली. "पुढं तू होती म्हणून," म्हणाले.

याच्यावर रागवायचं तरी कसं? मी रांगत जाऊन फोन आणला. तोवर त्यांचं धोतर ओलं झालं होतं आणि आम्ही दोघंही ते न पाहिल्यासारखं करून बसलो होतो.

हे तासाभरात आले. मी भिंतीला टेकून होते, पाय सुन्न. यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादाले शिवली का?" मी हो म्हटलं. मग कमरेचं विचारलं. कमरेचा नंबर दुसरा लागला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. शिवल्याचा दोष जावा म्हणून त्यांनी देवापुढे नारळ फोडायचंही काढलं, तेव्हा खाटेवरून भासऱ्यांनी त्यांना गप्प बस म्हणून दरडावलं.

डॉक्टरांनी मला पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे म्हणे. आणि गंमत पाहा. मी पडले तशी दुकान दुपारी बंद ठेवता येऊ लागलं. लोक थांबू लागले. हे बाराला घरी, पोळ्या करायला चुलत जाऊ, आणि रुचिकाला खास बोलावून गमछा कमरेला कसा बांधायचा ते यांनी चार वेळा शिकून घेतलं. जे तीन आठवडे होत नव्हतं ते तीन दिवसांत होऊ लागलं. गावातली माणसं भासऱ्यांना पाहायला येत, जाताना माझ्या खोलीत डोकावून विचारत, तुले काय झालं व? जसं काही मीच मधे काहीतरी काढलं होतं.

सोमवारी दुपारी मी पाठीवर पडून भिंतीपलीकडचं ऐकत होते. हे मोजत होते, एक, दोन, तीन. खाट करकरली. मग धरून ठेवलेला श्वास सुटल्यासारखा आवाज आला, आणि हे ओरडलेच, की दादा उभा झाला, मी हात सोडला, दुर्गा, येऊन पाह्य.

मी कोपरावर उठायचा प्रयत्न केला. कमरेतून कळ डोक्यात गेली आणि मी परत गादीवर पडले. इतके दिवस ज्यासाठी कमर घालवली ते भिंतीच्या पलीकडे उभं होतं आणि मला दिसत नव्हतं.

"आन मले कोण उठवते?" मी म्हटलं. मोठ्यानं नाही, पण भिंत पातळ आहे.

पलीकडून भासऱ्यांचा जड आवाज आला, धाप लागलेला.

"मले बसव बे. पयले तिले उठव."

खाट पुन्हा करकरली. माझा राग काही गेला नाही, पण मला रडू आलं, आणि रडताना कमर जास्त दुखते.