मामभेले वर्गाबाहेर

पालकसभेत मामभेले उभी राहिली आणि मुख्याध्यापक गोबोडो सरांनी खुर्ची जरा मागे सरकवली. बाई शाळा समितीची अध्यक्ष. माहेरच्या कुळावरून सगळा गाव तिला मामभेले म्हणायचा, आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची, अगदी मुख्याध्यापकांचीही, दातखीळ बसायची.

"सर, तुम्ही आम्हाला छडीने सोलून काढलंत म्हणून आम्ही माणसात आलो," ती म्हणाली. "आणि ही तुमची फेझेका बाई! मारत नाही, दरडावत नाही. आठवीचा कालवा पार रस्त्यावर ऐकू येतो. उद्या पोरं आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतील!"

सभेने टाळ्या पिटल्या. छडी कायद्याने बंद होऊन किती वर्षं लोटली, पण ऐकतो कोण? कायदा बसलाय तिकडे प्रिटोरियात, पोरं आहेत इथे घरात! फेझेकाला कायम करायची शिफारस मामभेलेच्या सहीवाचून अडली होती. सही झाली नाही, तर महिनाअखेरीस पोरीने चंबूगबाळं आवरायचं आणि म्टाटा शहराची गाडी पकडायची.

"मग सोमवारी वर्गात येऊन बसा," सर कसेबसे म्हणाले. "स्वतः बघा, मग ठरवा."

"बघते की! भिते काय कुणाला?"

सोमवारी ती डोक्याला रुमाल बांधून, खांद्यावर शाल टाकून मागच्या बाकावर बसली. शेजारी सर. समोर चोपन्न पोरं. भिंतीवर पोरांनीच ठरवलेले, पोरांच्याच वेड्यावाकड्या अक्षरातले नियम. पहिलाच असा: जो कुणावर हात उचलेल त्याने बाहेर निलगिरीखाली बसायचं, डोकं थंड झालं की आत यायचं, आणि काय चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

"बास? एवढंच?" मामभेले फिसकन हसली.

अर्धा तास पोरं देवळातल्यासारखी बसली. मग मूळ स्वभाव जागा झाला. पुढच्या पोराच्या मानेत कुणीतरी पेन्सिल टोचली, तो बोंबलला. टोचणारी कोण? आकोना! मामभेलेची सख्खी लेक!

फेझेकाने नुसतं "आकोना" म्हटलं, तोवर मामभेले चप्पल हातात घेऊन धावली. "कार्टे, चारचौघांत नाक कापलंस माझं!"

आकोनाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. इतक्या झटकन झाकलं की सरांना कसंतरीच झालं. फेझेका मधे शिरली. चप्पल तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबली.

"मामभेले, या वर्गात कुणी कुणावर हात उचलत नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही निलगिरीखाली जा. डोकं थंड झालं की या. आकोनाचं मी बघते."

"मी? मला बाहेर काढतेस? सर, ऐकताय ना!"

चोपन्न तोंडं सरांकडे वळली. फेझेकाही बघत होती. सरांना दिसत होतं, आता फेझेकाची बाजू घेतली तर सही गेली. नाही घेतली तर या पोरीच्या शब्दाला उद्यापासून कुत्रंही विचारणार नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते या बाईला कधी नाही म्हणाले नव्हते. तरी ते उभे राहिले.

"बाईंच्या वर्गात बाईंचा शब्द, मामभेले. माझ्यावरही तोच चालतो."

गेली! पाय आपटत गेली, पण गेली. खिडकीतून दिसत होतं, एक चप्पल पायात, एक हातात, आणि तोंडाचा पट्टा चालू. इकडे आकोनाने त्या पोराची माफी मागितली, त्याची मान पुसून दिली. दुपारी जेवणाचं पातेलं घासायचं तिने आपणहून कबूल केलं. धडा पुढे चालू झाला.

वीसेक मिनिटांनी दारात सावली पडली.

"येऊ का, बाई?"

फेझेकाने मान हलवली.

"मी हात उचलला," मामभेले वर्गासमोर उभी राहून म्हणाली. "माझ्या लेकीवर. चुकलं माझं."

"या, बसा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, तीच त्यांची रीत. आकोना बाकावर सरकून बसली आणि तिने आईला जागा करून दिली.

शुक्रवारी समितीत कुणीतरी पुन्हा म्हणालंच, की ही पोरगी छडीशिवाय कसं निभावणार.

"माझ्या सासऱ्यांपुढे मी कधी गप्प बसले नाही. नवऱ्यापुढे नाही. या सरांपुढे तर नाहीच," मामभेलेने कागद पुढे ओढला. "हिने बोट न लावता मला झाडाखाली नेऊन बसवलं. तुमची शेंबडी पोरं हिला जड जातील होय रे?"

आणि तिने सही ठोकली. गोबोडो सरांना खुर्चीत बसवेना. ते उठून दारात गेले आणि बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या फेझेकाला म्हणाले, "या आत, बाई. आपल्या शाळेत या."