कालिंदीबाईंचा पैरा

कालिंदीबाईंनी पिशवीतून फुटक्या कौलाचा तुकडा काढला आणि देवळाच्या मंडपात जमलेल्या मंडळींच्या मधोमध ठेवला. भाषण करण्याचे त्यांनी हेतुपुरस्सर टाळले होते. उन्हाळाभर कोल्हापुरात देणग्यांसाठी त्या भाषणेच करीत आल्या होत्या, आणि टाळ्यांपलीकडे फारसे काही पदरात पडले नव्हते.

"जंगल शिक्षण केंद्राचं छप्पर वळवाच्या वाऱ्यानं गेलं, हे तुम्ही पाहिलंच आहे," त्या म्हणाल्या. "मृगाच्या आत ते झाकलं नाही, तर भिंती बसतील. मग केंद्र चालवणारी कोल्हापूरची संस्था ते कायमचं बंद करणार."

राधानगरीच्या वरच्या अंगाला, सदाहरित अरण्याच्या काठावर उभे असलेले ते केंद्र म्हणजे बाईंच्या निवृत्त आयुष्याचे सर्वस्व होते. शहरातली दंगेखोर मुले तेथे येत, एकाच झाडाखाली निमूट बसायला शिकत, आणि परतताना आपण होऊन हळू आवाजात बोलू लागत. एवढे परिवर्तन घडवून आणणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

मंडपात चुळबुळ झाली. खांबाला टेकून बसलेला कृष्णात नावाचा शेतकरी अखेर बोलला.

"बाई, राग मानू नगा. तुमचं गवं आमचा ऊस खात्यात. आता त्यांच्या शाळंवर कौलं बी आमीच घालायची व्हय?"

हशा पिकला. बाईंनाही हसू आवरले नाही.

"गवे शाळेत येत नाहीत, कृष्णात. येत असते, तर ऊस सोडून चरायला मीच शिकवलं असतं."

"मग घाला की त्यांची नावं पटावर!"

हशा ओसरल्यावर बायकांच्या बाजूने बनाबाई उठली. गावात तिच्या शब्दाला वजन होते.

"माझी नात जाती तिथं. कोयता घिऊन निघालं की आडवी येती. आज्जी, ह्यो फांदा नगं, ह्यावर धनेश बसतोय म्हनती. चूल पेटवायची चोरी झालीया घरात!" एवढे बोलून ती पुरुषांकडे वळली. "हसताय काय? कवातरी ही बाई आपल्या दारात आलीया. माझ्या घरचा पैरा घ्या, बाई."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगबगीने पावतीपुस्तक उघडले.

"किती लिहू, बनाबाई?"

मग सारा मंडप हसण्याने दणाणला.

"लिवू नगा वो!" बनाबाईने पदर तोंडाला लावला. "पैसा न्हवं, पैरा! पैरा!"

बाईंचे सारे आयुष्य शहरातल्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविण्यात गेले होते, तथापि हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. तो कृष्णातने समजावून दिला.

"आज आमी तुमच्या कामाला, उद्या तुमी आमच्या. मजुरी न्हाय, पावती न्हाय. पर फेडाय यायचंच. जो येत न्हाय, त्याच्या कामाला पुन्यांदा कोन जात न्हाय."

"पण मी तुमच्या रानात काय करू शकणार?"

"ते आमी बघू की," बनाबाई म्हणाली.

बाईंनी पावतीपुस्तक मिटले आणि होकार दिला.

पुढल्याच सोमवारी गाव लोटले. दूधसंस्थेच्या जुन्या शेडची उतरवलेली कौले ट्रॉलीतून आली. सर्वांत आधी आढ्यावर चढला तो कृष्णातच. खाली बायकांची रांग लागली आणि कौले या हातातून त्या हातात अशी सरकू लागली की जणू ओढाच उताराऐवजी चढाला वाहत आहे. बाई कौतुकाने पाहत उभ्या होत्या, तोच कोणीतरी त्यांच्याही हातात कौल दिले. मृगाच्या आत छप्पर झाकले गेले.

आषाढात संस्थेचा तरुण चिटणीस मोहित याचा कोल्हापूरहून फोन आला.

"बाई, गुरुवारी हंबीरराव येतायत. कारखानदार माणूस, पण चक्क तयार झालेत! वीज, बाकं, ग्रंथालय, सगळ्याचा खर्च उचलणार. चेक मात्र तुमच्याच हातात देणार म्हणतात. इथं कोल्हापुरात समारंभ ठेवलाय."

बाईंनी आनंदाने रुकार दिला. मात्र त्याच संध्याकाळी बनाबाईच्या नातीकडून निरोप आला, "आज्जीनं सांगितलंय, गुरुवारी आमची रोपलावण हाय."

गुरुवारी सकाळी धो धो पाऊस कोसळत होता. साडीचा ओचा खोचून, अंगावर प्लास्टिकची खोळ घेऊन बाई बांधावर उभ्या होत्या. कानाशी फोन होता.

"मोहित, मला यायला जमायचं नाही. हंबीररावांना माझा नमस्कार सांग, आणि माफी माग. आज माझा पैरा आहे."

पावसात आवाज तुटत होता.

"पैसा? अहो, त्यासाठीच तर बोलावतोय! ते निघून गेले, तर पुन्हा येतील का सांगता येत नाही!"

बाईंनी समोर पाहिले. चिखलात बायकांची रांग ओणवी झाली होती. बनाबाईच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती, आणि त्या जागेवर रोपांची एक पेंढी आधीच टाकून ठेवलेली होती. बनाबाईने हाक मारली नाही. तिने मानही वर केली नाही.

"पैसा नाही रे," बाई म्हणाल्या. "पैरा."

त्यांनी फोन बंद करून पिशवीत ठेवला, चपला बांधावर काढल्या आणि गुडघाभर चिखलात पाय घातला.

"दमानं, बाई!" चिखलणी करणारा कृष्णात पलीकडून ओरडला. "गव्यावानी रोप तुडवू नगा!"

रांग खुदखुदली. बनाबाई जराशी सरकली, आणि बाई वाकल्या.