बाटलीवरची रेघ

सुनंदाने बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. काल सकाळी रेघेपर्यंत भरलेल्या बाटलीत अजून चार बोटं पाणी होतं. धनेशला दिवसाला पाऊण लिटरच चालायचं, आणि त्यातलंही तो उरवत होता. मग नवऱ्याचं वजन वाढतंय कुठून, हे तिला कळेना.

काल लालबागच्या डायलिसिस सेंटरवर काट्याने चार किलो जास्त दाखवले होते. टेक्निशियन हितेंद्र एरवी थट्टामस्करी करणारा माणूस. काल त्याने तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, एवढं पाणी एका वेळी नाही निघत. छातीत भरलं तर माझ्या हातात काही नाही."

फिल्टर हा शब्द या घरात तसा जुना. सासऱ्यांच्या वेळी फिल्टर म्हणजे पगाराच्या दिवशीची सिगारेट. मग नळाला लावलेली जाळी, मग भाचीच्या फोनमधलं तोंड गोरं करणारं काहीतरी. आता फिल्टर म्हणजे वीतभर लांब प्लास्टिकचं नळकांडं, त्यावर धनेशचं नाव. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त त्यातून गाळलं जायचं. उरलेलं गाळणं सुनंदाकडे. भाज्या दोनदा उकळून ती पाणी फेकायची, मीठ कुलपात ठेवायची, माठाच्या झाकणावर वरवंटा. सासूबाईंच्या उशाशी असलेल्या तांब्याचा संशय मात्र तिला कधी आला नव्हता.

दुपारी ती बाजारात जाते म्हणून निघाली आणि जिन्यातूनच परत फिरली. धनेश गॅलरीतून आत येऊन खाटेवर टेकला होता. सासूबाई भिंतीला धरून उठल्या, तांब्यातून पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने मान वर न करता तो घटाघटा रिकामा केला. मग दारात सुनंदा दिसली, तसा तो उठून पुन्हा गॅलरीत गेला.

सुनंदा आत आली. तिने सासूबाईंच्या हातातून पेला काढून घेतला. पाणी म्हणजे त्यांना विष आहे, हे कितीदा सांगायचं, असं ती विचारत राहिली, आणि विचारता विचारता रडू लागली.

म्हातारी सावकाश भिंतीला टेकून बसली.

"माका ठाऊक हा," ती म्हणाली. "त्येच्या बापाशीच्या तोंडात शेवटचा पाणी घालूक माका गावला नाय. ह्येका तहानेलो धाडूचंय नाय."

"ते कुठे जात नाहीयेत, आई."

सासूबाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि सुनंदाला त्यांच्या नजरेला नजर देता येईना. त्या बाईला एवढं ठाऊक असताना आपण इतके दिवस एकट्याच भाज्या उकळत बसलो, याचा तिला भयंकर राग आला. कोणाचा, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाटली रेघेपर्यंत भरली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"आजपासून तुम्हीच पाजा त्यांना. तांब्यातलं नाही, हे. रात्रीपर्यंत पुरवायचं."

सासूबाईंनी बोटाने रेघ चाचपून पाहिली.

"आणि उद्या?"

सुनंदाने बाटलीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं.

"उद्या परत भरून देईन."